विश्वजीतपर्यंत पोचेल असा आवाज

कडुबा खरातांच्या घशातली गाठ काढली, तेव्हापासून त्यांच्या तोंडून आवाज म्हणून काही येत नव्हता. नुसती फुसफुस यायची. आता डॉक्टर म्हणाले, उरलेलं स्वरयंत्रही काढावं लागेल. येत्या सोमवारी. हातात सहा दिवस होते.

वाळूजच्या कारखान्यात एकतीस वर्षं यंत्रं दुरुस्त केलेल्या या माणसाला एकच नाद, हौशी रेडिओचा, घरच्या संचावरून लांबच्या माणसांशी बोलायचा. परीक्षा देऊन, परवाना काढून त्यांनी छावणी भागातल्या घरावर अँटेना उभारली होती. तिच्यावरच त्यांना नांदेडचा विश्वजीत भेटला. विश्वजीत जन्मांध. बावीस वर्षांत दोघं समोरासमोर बसले ते दोनदाच. पण लेकीचं लग्न, कारखान्यातला संप, बायकोचं, रत्नमालाबाईंचं दुखणं, सगळं एकमेकांना हवेतूनच सांगितलेलं.

कडुबांनी फोन लावून पाहिला होता. मोबाइलला ती फुसफुस म्हणजे वाराच वाटायचा, तो गाळून टाकायचा. "कोण बोलतंय? अहो, कोण हाये?" करत विश्वजीतनं फोन ठेवून दिला. जुन्या संचावर नांदेडपर्यंत इतकी खरखर, की तिच्यात हा आवाज कुठला सापडायला! नांदेडला जावं, तर डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केलेली. आणि दुसऱ्याच्या तोंडून निरोप धाडायला कडुबांचं मन घेईना. जे सांगायचं ते आपणच सांगायचं, ही फुसफुस तरी आहे तोवर.

"डिजिटलवर बघू, काका," शेंद्र्याचा गोकुळ म्हणाला. तोही परवानेवाला. "खरखर नसती त्यात. इंटरनेटवरून थेट नांदेड."

पण डिजिटलच्याही तऱ्हा अनेक, आणि एकीचा संच दुसरीचं बोलणं ओळखत नाही. गोकुळनं मित्रांकडून तीन तऱ्हांचे संच जोडीजोडीनं मागून आणले. पहिला डीएमआरचा, कारण विश्वजीतकडं तोच होता. गोकुळ जोडीतला दुसरा संच घेऊन मागच्या गल्लीत गेला. कडुबांनी बटण दाबलं, जीव एकवटून म्हणाले, "जय भीम, विश्वजीत."

गोकुळ मान खाली घालून परत आला. "काका, पाण्यात बुडबुडे यावेत तसं आलं."

दुसऱ्या तऱ्हेच्या, डी-स्टारच्या संचावर तेवढंही नाही. ही यंत्रं आवाज जसाच्या तसा धाडत नाहीत. आधी त्यातला सूर शोधतात, त्याचे आकडे करतात आणि पलीकडं त्यावरून आवाज नव्यानं घडवतात. कडुबांच्या गळ्यात सूरच उरला नव्हता. त्या दिवशी ते जेवले नाहीत. भिंतीकडं तोंड करून पडून राहिले.

शुक्रवारी तिसरा, सी-फोर-एफएमचा संच लावला. त्यात एक सोय अशी, की बाकीची माहिती सोडून जास्तीत जास्त जागा आवाजालाच द्यायची. गोकुळ पळतच आला. "लई नाय, काका, पण दहातले चार शब्द कळतेत! 'जय भीम' तर साफ."

ठरलं. शनिवारी गोकुळ त्याच्या जोडीचा संच पिशवीत घालून एसटीनं नांदेडला गेला.

रविवारी सकाळी कडुबांनी बटण दाबलं. "विश्वजीत…"

कडुबांनी पुन्हा हाक मारली. मग, "कडुबा? तूच हायेस का? गड्या, काय झालं रे तुझ्या गळ्याचं!"

कडुबा बोलत गेले. गाठ, ऑपरेशन, सोमवार. मधले शब्द गळत होते. विश्वजीत दर वेळी म्हणायचा, "पुन्हा सांग." शेवटी कडुबा म्हणाले, "उद्यापासून मी नाय… तू बोलत राहा… मी…"

"कोणी बोलत राहायचं? पुन्हा सांग, कडुबा."

कडुबांनी तोंड उघडलं. नुसता श्वास आला. पुन्हा प्रयत्न केला, खोकल्यानं रक्त आलं. आयुष्यात कधी त्या संचाला हात न लावलेल्या रत्नमालाबाईंनी माइक त्यांच्या हातातून काढून घेतला.

"भावजी, तुम्ही बोलत जा. हे ऐकत जातील. एवढंच म्हणायचंय त्यांना."

विश्वजीतनं हुंदका दिला, तो मात्र संचावर अगदी स्वच्छ आला.

सोमवारी ऑपरेशन झालं. जखम भरेना, ताप उतरेना. बारा दिवस झाले तरी दवाखान्यातून सुट्टी नव्हती. विश्वजीत रोज रत्नमालाबाईंना फोन करायचा आणि रोज चुकून तेच विचारायचा, "वहिनी, काय म्हणतोय आमचा कडुबा?"