अद्रकाचा सोडा

मुलाने देवळीहून आणलेला अद्रकाचा सोडा पेल्यात ओतला आणि तो झणझणीत वास नाकात शिरताच माझा हात थांबला. माझे सासरे, मामाजी, तापाने पडले आहेत. हात थरथरतो, सांडतं, आणि सुनेसमोर सांडायची त्यांना लाज वाटते. कालपासून घोटभर पाणीही घेतलेलं नाही. सकाळपासून मी नुसती आतबाहेर करते आहे.

लग्नानंतर ते मला पहिल्यांदा न्यायला आले, तेव्हा बसमध्ये मला फार मळमळलं. देवळीच्या स्टँडवर त्यांनी अद्रकाच्या सोड्याची गार बाटली हातात दिली. सासऱ्यांसमोर काही खायचं-प्यायचं नाही, असं आईने बजावलेलं. मी पदर ओढून तशीच उभी राहिले. फेस बोटांवर उतरत होता.

"पी ना माय."

मी मान हलवली. ते पाठ फिरवून गाड्यांच्या वेळांच्या पाटीपुढे जाऊन उभे राहिले. "मी पाटी वाचून राह्यलो. तू पेजो निवांत."

मी घटाघटा प्यायले. आधी गोड, मग घशात चटका, नाकात बुडबुडे. डोळ्यांत पाणी आलं आणि मळमळ बसली. तेव्हा वाटलं, त्यांना बसची घाई आहे. मामाजींना अक्षर वाचता येत नाही, हे मला कितीतरी दिवसांनी कळलं.

आज पेला त्यांच्या हाताशी ठेवला. "मामाजी, मी कॅलेंडर पाहून राह्यली," मी म्हणाले आणि भिंतीकडे वळले. कॅलेंडरचं पान मागच्याच महिन्याचं होतं. रिकामा पेला स्टुलावर टेकल्याचा आवाज येईपर्यंत मी तेच वाचत राहिले.