बोलणं नको म्हणून इंग्रजी पिक्चर

इंग्रजी पिक्चर आईने ठरवला. तिला इंग्रजीतलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि म्हणूनच ठरवला.

माझ्या थोरल्या बहिणीला, ताईला, तोवर दोन ठिकाणांहून नकार आले होते. दोन्हीकडचं कारण एकच. मुलगी चांगली आहे, नोकरी करते, पण बोलते फार. आणीबाणी उठून वर्ष-दोन वर्षं झाली होती, सगळा देश मोकळ्या तोंडाने बोलत होता, आणि आमच्या घरात मात्र ताईवर सेन्सॉर बसला होता. ताई नगरपालिकेच्या शाळेत शिकवायची. वर्गात दिवसभर बोलायचं आणि घरी येऊन तोंडाला कुलूप लावायचं, हे कुणाला जमलंय? पण दुसऱ्या नकारानंतर ती खरंच बोलेनाशी झाली. जेवायला वाढलं की जेवायची, विचारलं तेवढं सांगायची. मला तिचा राग आला, आईचा आला, आणि त्या नकार देणाऱ्या दोन मुलांचा तर फारच आला.

तिसरं स्थळ बुद्धविहारातल्या ओळखीतून आलं, इगतपुरीचं. मुलगा रेल्वेत, वडील वारलेले, क्वार्टरमध्ये मायलेक दोघंच. एका रविवारी सकाळच्या गाडीने ते नाशिकला आले. पोहे झाले, चहा झाला. ताईने मान खाली घालून हो-नाही एवढंच केलं. मग बाबा म्हणाले, "मुलीला विचारल्याशिवाय आम्ही पुढे जाणार नाही. दोघं जरा बाहेर जाऊन या, एकमेकांशी बोला."

बोला म्हटल्यावर आईचा चेहरा पांढरा पडला. तिसरा नकार तिला समोर दिसायला लागला. "त्यापेक्षा पिक्चरला जाऊ देत की," ती घाईघाईने म्हणाली. हिंदी नको, त्यात झाडामागची गाणी. मराठी नको, त्यात सासू सुनेला छळणार. मेन रोडजवळच्या थेटरात रविवारी सकाळी इंग्रजी पिक्चर लागायचा, तो बरा. अंधारात गप्प बसायचं, आणि काही कळलंच नाही तर बाहेर आल्यावर बोलायचं तरी काय? सोबतीला मी. मी तेव्हा कॉलेजात पहिल्या वर्षाला होते. निघताना आईने मला मोरीपाशी ओढलं. "मध्ये तू बस. ती बोलायला लागली की चिमटा काढ."

आई बिचारी. थेटरच्या दारातलं पोस्टर बघून ताईने माझा दंड असा काही धरला की आज काही खरं नाही हे मला तिथेच कळलं. घोडा, तलवार, मागे जळणारा किल्ला. ताईच्या सगळ्यात लाडक्या कादंबरीवरचा पिक्चर होता तो. परदेशातली, जुन्या लढायांची कादंबरी. तिचं मराठी भाषांतर ताईने वाचनालयातून इतक्या वेळा आणलं होतं की पुस्तकाची शिवण सुटली ती बहुतेक आमच्याच घरात.

पिक्चर सुरू झाला. तलवारी खणखणत होत्या, पुढचं पब्लिक शिट्ट्या मारत होतं, आणि ताई शहाण्यासारखी गप्प होती. घोटाळा शेवटी झाला. नायक दूर कैदेत, किल्ल्याला वेढा, आत नायिका एकटी. कादंबरीत ही बाई अख्खा हिवाळा किल्ला लढवते, शेवटचा घोडा कापून शिपायांना खायला घालते, पण दरवाजा उघडत नाही. पडद्यावरची मात्र पहिला तोफगोळा पडला तशी बेशुद्ध झाली. नायक आला, त्याने तिला उचललं, खेळ खलास.

दिवे लागले. "साफ खोटं आहे," ताई म्हणाली.

मी चिमटा काढला.

"चिमटे काय काढतेस? ती बेशुद्ध पडतच नाही."

माझ्या पलीकडे बसलेले इगतपुरीचे पाहुणे माझ्यावरून वाकले. "मग काय करते?" त्यांनी विचारलं. ताई दचकलीच. ते म्हणाले, "मला इंग्रजी कळत नाही हो. लोक हसले की मी हसत होतो. तुम्हाला ठाऊक असेल तर सांगा ना."

आम्ही रसवंतीत जाऊन बसलो. ताई आधी चाचरत सांगायला लागली आणि मग सुटलीच. ते मध्येच विचारायचे, किल्ल्यात पाणी कुठून यायचं, रात्रीचा पहारा कोण द्यायचं. ताई हातवारे करून बुरूज दाखवत होती. कितीतरी महिन्यांनी माझी ताई मला परत दिसली आणि मला रडूच फुटलं. रसात आलं जास्त पडलंय, असं सांगून मी वेळ मारून नेली. दुपार कलली तेव्हा मला त्यांच्या परतीच्या गाडीची आठवण झाली. मी म्हटलं तसं त्यांनी घड्याळ पाहिलं. "गेली असेल ती. मग दरवाजा कुणी उघडला?"

घरी आलो तर आई दारातच उभी. त्यांची आई मांडीवर पिशवी घेऊन बसलेली.

"रेल्वेतला माणूस तू, आणि गाडी चुकवलीस?" ती म्हणाली.

"ह्या गोष्ट सांगत होत्या. किल्ल्याचं काय झालं ते कळल्याशिवाय उठवेना."

"एवढा वेळ ही एकटीच बोलत होती?"

"हो."

आईने डोळे मिटून घेतले. ताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली, तिचं तोंड पुन्हा बंद झालेलं.

त्यांच्या आईने पिशवी खाली ठेवली. "याचे बाबा गेल्यापासून आमच्या घरात कुणी बोलतच नाय," ती म्हणाली. "पोरगं लय गुणाचं हाय, पण ड्युटीवरून येतं, जेवतं, झोपतं. पावसात चार महिने दाराबाहेर पाय टाकता येत नाय, मी भिंतीशी बोलते." तिने चटईवर हात थोपटला. "इथं बस माझ्याजवळ. मला सांग ती गोष्ट, पहिल्यापासून."

ताई बसली, पण सुरुवात करेना. ती आईकडे बघत राहिली. आपल्याच घरात बोलायला तिला परवानगी हवी होती, आणि ते आईला तेव्हा दिसलं.

"सांग गं," आई म्हणाली आणि स्वतःही खाली बसली. "मी तरी कुठे कधी ऐकलीय?"