सगळ्यांनी हात हलवलेला फोटो

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. गूढ अनुभवांच्या या ग्रुपवर मी फक्त वाचायला येते, आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा हसायला. लग्नाचे अल्बम डिझाइन करणं हे माझं काम. "आमच्या फोटोत मागे कोणीतरी उभं आहे" म्हणून घाबरलेली माणसं मला फोन करतात, आणि तो कोणीतरी बहुतेक वेळा कॅटरिंगवाला निघतो. त्यामुळे मी स्वतः इथे असं काही लिहायला बसेन असं वाटलं नव्हतं... घाबरण्यासारखं यात काही नाही, हे आधीच सांगून टाकते.

मी नायगाव पूर्वेला राहते, नवीन टॉवर झालेत तिकडे. माहेर जवळच्याच निर्मळ गावचं. रस्त्याला लागून आमची वाडी आहे – केळी, थोडी सुपारी, सोनचाफ्याची झाडं, विहीर, आणि विहिरीपलीकडे घर. तिथे आई-बाबा आणि दादा-वहिनी असतात. घरी आम्ही आमच्या बोलीत बोलतो, पण इथे सगळ्यांना कळावं म्हणून साध्या मराठीत लिहिते.

आईला कंपवात आहे. उजवा हात सतत थरथरतो. ज्या बाईने गुंफलेल्या फुलांच्या वेण्या बघायला शेजारच्या बायका थांबायच्या, तिला आता चहाचा कप धरता येत नाही. पण तिला त्रास हात हलण्याचा नव्हता, लोकांनी बघण्याचा होता. हात कायम पदराखाली. चुलतबहिणीच्या साखरपुड्याला ती पूर्ण वेळ स्वयंपाकघरात बसून राहिली. हळूहळू देवळात जाणंही बंद केलं. आणि फोटो तर नाहीच. एकदा कोणीतरी काढलेल्या फोटोत तिचा हात पुसल्यासारखा आला होता. तो बघून ती म्हणाली, "माझा हात मेला की काय? फोटोत येतच नाही."

मागच्या वर्षी त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. काय हवं, असं बाबांना विचारलं. बाबा फार बोलणारे नाहीत. म्हणाले, "हिच्याबरोबरचा एक फोटो दे. भिंतीवर लावण्यासारखा. आत्ताचा."

आईला तयार करायला वहिनीला दोन दिवस लागले. शेवटी संध्याकाळी ऊन उतरताना सगळे विहिरीजवळ बसलो. बाकावर आई-बाबा, मागे दादा, वहिनी, माझा नवरा आणि मी. कॅमेरा ट्रायपॉडवर, टायमर लावलेला. सुपारीखाली उजेड कमी होता, म्हणून शटर थोडा स्लो ठेवावा लागला, त्यात हललेली गोष्ट पुसट येते – जाणकारांनी लगेच शिव्या घालू नका, मला कळत होतं. काही फोटो काढले. सगळ्यांत आईचा हात पदराखाली, आणि चेहरा डॉक्टरकडे बसल्यासारखा.

मग जरा मोकळं वाटावं म्हणून मी म्हटलं, "आता शेवटचा. सगळ्यांनी हात वर करा, टाटा केल्यासारखं."

सगळ्यांनी केले. आईने केला नाही. तेव्हा बाबांनी शेजारून तिचं उजवं मनगट धरलं, पदराबाहेर काढलं आणि आपल्या हाताबरोबर वर उचललं. आई त्यांच्याकडे बघून "अहो..." म्हणाली आणि हसली. तेवढ्यात क्लिक झालं.

"बस झालं आता," म्हणून आई उठली. पुन्हा काही बसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरी तो फोटो उघडला. इतका सुंदर फोटो मी आयुष्यात काढलेला नाही. आई हसतेय – किती दिवसांनी. आम्ही बाकीचे शाळेतल्या मुलांसारखे हात वर करून स्तब्ध, रेष न् रेष दिसतेय. आणि मधोमध आईच्या मनगटाच्या पुढे नुसता एक राखाडी फराटा. बोटं नाहीत, तळवा नाही. ओल्या रंगावरून फडकं फिरवावं तसं.

हात कापून टाकता येत नव्हता, बाबांनी तो धरला होता. जुन्या फोटोतला हात काढून लावता आला असता. तसं मी कामात नेहमी करते, पण आईच्या बाबतीत मन होईना. मग सुचलं – तिचा एकटीचा हात हललेला दिसतोय ना, मग सगळ्यांचेच हलवू. म्हणजे सगळे टाटा करतायत असं वाटेल.

बाबांचा मोकळा हात, दादाचा, वहिनीचा, नवऱ्याचा, माझा – एकेक हात सिलेक्ट केला, सगळे एका नव्या लेयरवर घेतले. त्यावर मोशन ब्लर, म्हणजे हललेलं दाखवणारा फिल्टर. आईचा हात मी घेतलाच नव्हता, तो मुळातच ब्लर होता. फिल्टर लावला, आणि कसं दिसतंय बघायला झूम केलं.

आमचे सगळ्यांचे हात छान हलत होते. आणि आईचा हात स्थिर होता.

स्थिर म्हणजे अगदी स्वच्छ. पाच बोटं, हिरव्या बांगड्या, नखं. अंगठ्याच्या बाजूला कोयत्याचा जुना वण आहे तिला, केळीची पानं कापताना लागलेला. तो वणसुद्धा.

मला वाटलं, काहीतरी चुकीचं दाबलं गेलं. कंट्रोल-झेड केलं. आमचे हात स्थिर झाले, आईचा पुन्हा फराटा. परत फिल्टर लावला. आमचे हलले, आईचा थांबला. किती वेळा केलं कोण जाणे. शेवटी नवऱ्याला हाक मारली. तो बँकेत आहे, याच्या दहापट संशयी. त्याने स्वतः माउस हातात घेऊन करून बघितलं. मग खुर्चीवरून उठून म्हणाला, "तू हे असंच सेव्ह कर. आणि आता हात लावू नकोस."

तसंच सेव्ह केलं, तसाच प्रिंट काढला.

कार्यक्रम घरातल्या घरात होता, वाटीभर खीर आणि जवळची माणसं. बाबांनी फ्रेमवरचा कागद काढला. दादा म्हणाला, "हे काय, आम्हा सगळ्यांचे हात हललेत आणि आईचा तेवढा बरोबर आलाय?" सगळे हसले. आई हसली नाही. तिने फ्रेम मांडीवर घेतली आणि कितीतरी वेळ बघत राहिली. फ्रेमच्या कडेवर तिचा हात थरथरत होता आणि काचेला लागून बांगड्या वाजत होत्या.

मग म्हणाली, "थांबला होता तेव्हा."

"काय थांबलं होतं, आई?" मी विचारलं.

"हात. यांनी उचलला ना, तेव्हा थांबला होता. अगदी पहिल्यासारखा. मी बोलले नाही, तुम्हाला खरं वाटलं नसतं."

मी बाबांकडे बघितलं. ते खिरीच्या वाटीकडे बघत होते.

"हो," ते म्हणाले. "मनगट माझ्या हातात होतं. मला कळलं ना."

पण कॅमेऱ्याने पकडलेला फराटा मी माझ्या डोळ्यांनी बघितला होता.

नंतर मी सगळं तपासलं. त्या दिवशीच्या बाकी एकाही फोटोत तिचा हात पदराबाहेर नाही, म्हणजे दुसरीकडून आला असं म्हणायला जागा नाही. एआयचं कुठलंही फीचर चालू नव्हतं; आणि असतं तरी त्याला कोयत्याचा वण कुठून कळणार? माझ्याच धंद्यातल्या एका मैत्रिणीला दोन्ही फाइल पाठवल्या. ती म्हणाली, "पॅचवर्क मस्त केलंयस, जोड दिसतच नाही."

आईचा हात बरा झाला, असलं काही मी सांगणार नाही. उलट गोळ्या वाढल्यात. पण आता ती घरापुढच्या ओट्यावर बसते, हात मांडीवर उघडा ठेवून. त्याच चुलतबहिणीच्या लग्नाला पहिल्या रांगेत होती. अक्षता तिच्या हातातून मंगलाष्टकं संपायच्या आधीच सांडून गेल्या, तेव्हा शेजारच्या बाईला म्हणाली, "माझ्या आधीच पोचल्या बघा." फोटो बाहेरच्या खोलीत लावलाय. कोणी आलं की आई आधी आमचे हललेले हात दाखवते आणि म्हणते, "यांना एक क्षण शांत बसवत नाही."

यातलं कोणाला काही कळत असेल तर जरूर सांगा. मूळ फाइल माझ्या कॉम्प्युटरवर आहे, फराट्यासकट. बाबांनी एकदा सहज विचारलं होतं, "अगं, तो पहिला काढलेला कसा होता, काही न करता?"

"असाच होता, बाबा," मी म्हटलं.