चेंडूच्या तोंडावर जाणारी ज्ञानदा

अमेरिकेत, क्युपर्टिनोतल्या मराठी घरांत हॉकी म्हटलं की लोकांना बर्फच दिसतो. आपली लेक ज्ञानदा हिरव्या टर्फवर खेळते, हे मीनाक्षी वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगत आली. पोरगी शाळेत होती तोवर लोक समजूतदारपणे माना डोलवत. "कॉलेजच्या ॲडमिशनला बरं पडतं ना," शरयूकाकू म्हणायच्या. ॲडमिशन झाली, आणि मंडळाच्या गणपतीत मोदक वाढता वाढता त्याच काकूंनी विचारलं, "मग आता सोडली असेल?"

"सोडायला ती काय सिगारेट आहे, काकू?" मीनाक्षी म्हणाली. पंगतीत खसखस पिकली आणि काकू पुढच्या पानाकडं सरकल्या.

पोरीनं सोडली नाहीच. कॉलेजची टीम झाली, अमेरिकेची ज्युनिअर टीम झाली, आणि विशी ओलांडते न ओलांडते तोच सीनिअर टीमच्या कॅम्पचं बोलावणं आलं. तिथं तिनं कामही असं पत्करलं, की बाकीच्या पोरी ते खुशाल दुसरीला देऊन टाकतील. समोरच्या टीमला पेनल्टी कॉर्नर मिळाला की बचावाच्या चौघी आणि गोलकीपर गोलच्या रेषेमागं उभ्या राहतात. समोरची एकजण त्या रेषेवरून चेंडू मैदानाकडं ढकलते, गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या, म्हणजे डीच्या, टोकाशी दुसरी तो अडवते आणि तिसरी तो सपकन गोलवर झोकते. तिनं झोकायच्या आत जी तिच्या अंगावर धावून जाते, ती पहिली रनर. तोंडाला मास्क, गुडघ्यांना पॅड, बाकी सगळं देवाच्या हवाली. हायवेवरची गाडी पळते तेवढ्या वेगानं तो चेंडू सुटतो. शहाणं माणूस त्याच्यापासून लांब पळेल. ही त्याच्याकडं पळते.

हे पळणं तिला शिकवलं मीनाक्षीनं. मीनाक्षी इचलकरंजीची, लग्नाआधी जिल्ह्याकडून खो-खो खेळलेली. लग्नानंतर तिला कुणी विचारलंच नाही. बायकांनी खेळही माहेरीच ठेवून यायचा असतो, आडनावासारखा. मग इथल्या ड्राइव्हवेवर ती पोरीला उकिडवं बसवायची, पाठीवर थाप मारून "खो" म्हणायची, आणि पोरगी स्प्रिंगसारखी सुटायची. तसा उठाव अमेरिकेतल्या एकाही कोचनं पाहिला नव्हता.

घोळ झाला तो सीनिअर टीमच्या पहिल्याच दौऱ्यात. समोरच्या पोरीनं झोकण्याचं सोंग केलं आणि चेंडू हळूच बाजूला सरकवला. ज्ञानदा आपली सरळ धावत गेली, रिकाम्या जागेत. गोल झाला. पुढच्या मॅचला पुन्हा तेच. कोच मेगननं आडपडदा ठेवला नाही. पुढच्या सीरीजमध्ये एक मॅच मिळेल, तिथंही वळली नाहीस तर तुझ्या जागी दुसरी.

सुट्टीत पोरगी घरी आली ती तोंड पाडूनच. ओट्याशी उभी राहून पोहे चिवडत म्हणाली, "आय कान्ट टर्न, आई. पास चाललाय हे दिसतं मला. पाय ऐकत नाहीत."

"का ऐकत नाहीत?"

"फाऊल वाटतो."

मीनाक्षीच्या हातातला डाव तसाच राहिला. खो-खोत पाठलाग करणारी उठली, एका बाजूला पाऊल टाकलं, की मध्येच दिशा बदलायची नसते. बदलली की फाऊल. हे तिनंच ओरडून ओरडून पोरीच्या अंगात मुरवलं होतं. हॉकीत असला नियम नाही हे ज्ञानदाला ठाऊक होतं, तिच्या पायांना नव्हतं.

"एखाद्या स्पोर्ट्स सायकॉलॉजिस्टची अपॉइंटमेंट घेऊ या का?" नवरा राजेश लॅपटॉपमागून म्हणाला.

"घे तुझ्यासाठी. ज्ञानदा, बूट घाल."

ड्राइव्हवेवर आल्यावर मीनाक्षीनं ओढणी कमरेला खोचली. "आजवर तुला पाठलाग शिकवला. आता पाठलाग मी करणार. तू हूल देऊन निसटायचं."

"आई, तुझे गुडघे."

"माझे मी बघते. तू तुझे सांभाळ."

पहिल्या दिवशी पन्नाशीच्या आईनं पोरीला सहज धरलं. ज्ञानदा एकदा निघाली की त्याच रेघेत जायची, आणि हात कुठं घालायचा ते आईला आधीच कळायचं. "अगं, चोरासारखी पळ की जरा. पोलिस मागं लागल्यावर कुणी नाकासमोर पळतं का?" शेजारचा म्हातारा कुत्र्यासकट थांबला, सगळं ठीक आहे ना, म्हणून विचारू लागला. "प्रॅक्टिस, प्रॅक्टिस," मीनाक्षी धापा टाकत म्हणाली. सुट्टी संपत आली तेव्हा तिच्या हाताला पोरीचा नुसता वारा लागत होता.

त्या मॅचला मीनाक्षी विमानानं गेली. अमेरिका एका गोलनं पुढं, शेवटची काही मिनिटं, आणि पाहुण्या टीमला पेनल्टी कॉर्नर. एरवी ती अशा वेळी डोळे मिटून घ्यायची. आज तिनं ते उघडे ठेवले.

चेंडू निघाला, ज्ञानदा सुटली. झोकणारीनं खांदा टाकला, काठी ओढली, आणि चेंडू डावीकडं सरकवला. ज्ञानदाचा एक पाय टर्फमध्ये रोवला गेला, आणि बिजागरीवर दार फिरावं तसं अख्खं अंग त्याच्यावर फिरलं. दुसरीनं जीव खाऊन मारलेला तो चेंडू ज्ञानदाच्या आडव्या टाकलेल्या काठीवर आदळून लांब उडाला.

लोक उभे राहिले. मीनाक्षीला उठता येईना. तिनं शिकवलं होतं ते निसटणं. खो-खोतली पळणारी वळते ती स्वतःला वाचवायला. ही तिची पोरगी वळली होती ती मार अंगावर घ्यायला. हे कुठून आलं, कुणी शिकवलं, काही उमगेना. आपण हिला नऊ महिने पोटात वागवलं, यावर विश्वास बसेना.

मॅच संपल्यावर ज्ञानदा कठडा ओलांडून आईपाशी आली, घामानं निथळत. "कोच म्हणाली, पुढच्या दौऱ्याला चल. आय एम इन, आई."

मीनाक्षीला तिला पोटाशी धरायचं होतं. पण हात खाली गेले. पाय मुरगळलाय का बघते, असं पुटपुटत ती वाकली आणि तिनं पोरीच्या पावलांना हात लावला.

"आई, काय करतेयस? लोक बघतायत."

"बघू देत," मीनाक्षी म्हणाली, आणि हात काढले नाहीत.