कमलमावशी पहिल्या नंबरवर

"मंजिरी, लीडरबोर्ड उघड. पहिलं नाव वाच आणि मला सांग, ते तुझं आहे का?"

डेरेकचा फोन आला तेव्हा मी इथे अमेरिकेत, अल्फारेटातल्या मराठी शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसले होते. रविवारची दुपार होती. मुलीचा वर्ग सुटायला अजून वेळ होता. डेरेक माझा डायरेक्टर. रविवारी तो कधीच फोन करत नाही.

मी ॲप उघडलं. पहिल्या नंबरवर इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, कमलमावशी.

कमलमावशी ही माझी सख्खी मावशी. नागपूरला धरमपेठेत राहते. तिने बेसबॉलची बॅटसुद्धा कधी पाहिलेली नाही.

"तुझं आहे?" डेरेकने पुन्हा विचारलं.

"माझं टेस्ट अकाउंट आहे. पण डेरेक, ही तर लाइव्ह टूर्नामेंट आहे!"

"ते मला दिसतंय. म्हणून तर फोन केला."

हा घोळ कळायला माझं काम थोडं समजून घ्यावं लागेल. मी एका डेली फॅन्टसी कंपनीत टेस्टिंग लीड आहे. भारतात लोक ॲपवर क्रिकेटची टीम लावतात, तसंच इथे बेसबॉलचं. त्या दिवशीच्या मॅचेसमधून तुम्ही खेळाडू निवडायचे. प्रत्येक खेळाडूला किंमत असते आणि तुमचं बजेट ठरलेलं असतं. या निवडीला लाइनअप म्हणतात. पहिली मॅच सुरू झाली की लाइनअप लॉक. मग खेळाडू मैदानावर जे करतील त्याचे पॉइंट तुम्हाला. टूर्नामेंटमध्ये हजारो लोक उतरतात आणि मोठी बक्षिसं फक्त वरच्या थोड्यांना मिळतात.

आमच्या ॲपमध्ये 'माझी टीम तूच लाव' असं एक नवीन बटण येणार होतं. ते दाबलं की सॉफ्टवेअर तुमच्यासाठी लाइनअप बनवणार. त्यासाठी मी वेगवेगळ्या स्ट्रॅटेजी तपासत होते. एका स्ट्रॅटेजीत सगळ्या टीममधून थोडे थोडे चांगले खेळाडू घ्यायचे. दुसरीला स्टॅक म्हणतात. त्यात एकाच टीमचे, एकामागून एक बॅटिंगला येणारे चार-पाच बॅटर घ्यायचे. एकाने फटका मारला की आधीचा धावून फेरी पूर्ण करतो आणि रन होते, पॉइंट दोघांचेही मिळतात.

आणि एक स्ट्रॅटेजी मुद्दाम वाईट ठेवलेली होती. सगळ्यात दुबळ्या टीमचे बॅटर घ्यायचे, तेही त्या दिवशीच्या सगळ्यात भारी पिचरसमोर. पिचर म्हणजे आपला बोलर समजा. असं मुद्दाम का करायचं? वजनकाटा बरोबर आहे का हे बघायला रिकामं भांडंही ठेवून बघतो, तसं. वाईट टीम तळाशी गेली की आमचं मोजमाप ठीक.

हे सगळं साइटच्या एका कॉपीवर चालायचं, जुन्या मॅचेस पुन्हा चालवून. खरे खेळणारे नाहीत, खरी बक्षिसं नाहीत. खोट्या अकाउंटांना नावं द्यावी लागतात. टेस्टयूझर एक, टेस्टयूझर दोन असं लिहून मला कंटाळा आला होता. म्हणून मी माझ्या मावश्या, आत्या, काकूंची नावं दिली होती. वाईट स्ट्रॅटेजी कमलमावशीच्या वाट्याला आली ती केवळ योगायोगाने.

शुक्रवारी ऑपरेशन्स टीमने सर्व्हर हलवले. लाइव्ह साइट आणि आमची कॉपी यांच्यामध्ये जी भिंत असते, ती त्यात उभी करायची राहून गेली. रविवारी सकाळी माझी टेस्ट ठरल्याप्रमाणे आपोआप सुरू झाली. माझ्या सगळ्या मावश्या-काकू खऱ्या टूर्नामेंटमध्ये, खऱ्या माणसांसमोर जाऊन बसल्या.

मी लॅपटॉप उघडून स्टिअरिंगला टेकवला. बाकीच्या मावश्या खाली कुठेतरी होत्या. वर फक्त कमलमावशी. मी तिची लाइनअप बघितली. तो भारी पिचर नऊ इनिंगपैकी दुसऱ्याच इनिंगमध्ये कोपर धरून मैदानाबाहेर गेला होता. त्याच्या जागी आलेल्या प्रत्येकाला दुबळ्या टीमने बेदम झोडपलं होतं. त्या टीमचे बॅटर अख्ख्या टूर्नामेंटमध्ये जवळजवळ कोणीच घेतले नव्हते. त्यामुळे ते सगळे पॉइंट एकट्या मावशीचे. माझ्या रिपोर्टमध्ये या स्ट्रॅटेजीपुढे मी स्वतः 'निरुपयोगी' असं लिहिलेलं होतं.

"हे खाली येईल ना?" डेरेक म्हणाला.

"नाही येणार. आजची शेवटची मॅच आठव्या इनिंगमध्ये आहे. मावशीच्या टीमची बॅटिंग अजून चालूच आहे."

"दुसऱ्या नंबरवर कोण?"

"खरा युजर आहे. न्यू जर्सीचा."

कंपनीच्या माणसांनी स्वतःच्याच टूर्नामेंटमध्ये खेळायचं नाही, हा या धंद्यातला पहिला नियम. कंपनीला सगळ्यांच्या लाइनअप आधीच दिसतात. कंपनीचंच अकाउंट पहिलं आलं तर लोक चोरीच म्हणणार, आणि ज्या राज्यांनी लायसन्स दिलंय तीही तेच म्हणणार. त्यात शेवटची मॅच संपली की थोड्याच वेळात बक्षिसं आपोआप वाटली जातात. ते वाटप थांबवायचं होल्डचं बटण फक्त दोघांकडे होतं. एक डेरेक. दुसरी पॉलीन, आमची कंप्लायन्स हेड. कंपनी कायद्याने वागते की नाही हे बघणं तिचं काम.

"डेरेक, होल्ड टाक," मी म्हणाले.

"एक मिनिट. विचार करू दे."

तेवढ्यात स्क्रीनच्या कोपऱ्यात लाल ठिपका दिसला. कमलमावशीच्या इनबॉक्समध्ये मेसेज. ॲपवर खेळणारे एकमेकांना मेसेज करू शकतात, पण खोट्या अकाउंटला कोण करणार? मी उघडला. चक्क देवनागरीत होता.

"नमस्कार मावशी! नाव वाचून उडालोच. मी सुहास, पार्सिपनीहून. दुसऱ्या नंबरवर आहे तो मीच. रिटायर झाल्यापासून रोज खेळतो, पण असली लाइनअप जन्मात पाहिली नाही. तो पिचर बसणार हे तुम्हाला कळलं कसं? बायकोला दाखवलं, ती म्हणते आपल्यातलं कोणीतरी पहिलं आलं, फार बरं वाटलं. तुम्ही कुठल्या?"

तोवर सगळे आकडे होते. आता समोर माणूस होता. त्याचा पहिला नंबर माझ्या रिकाम्या भांड्याने घेतला होता, आणि वर तो माझंच अभिनंदन करत होता.

"मंजिरी, आहेस ना?" डेरेकचा आवाज आता अगदी शांत झाला होता. "एक सांग. ही कमलमावशी खरी आहे का? म्हणजे अशी कोणी व्यक्ती आहे?"

"आहे. माझ्या आईची बहीण."

"अमेरिकेत?"

"नाही, भारतात. का?"

"तुझ्या नात्यातलं कोणी इथे आहे? वेगळ्या आडनावाचं? कागदोपत्री हे अकाउंट त्यांचं असू शकतं. त्यांना लाइनअप लावता येत नव्हती, त्यांनी आपलं नवीन बटण दाबलं. कोणाचंच नुकसान नाही. उलट त्या बटणाची जाहिरात होईल."

मी ऐकलं ते खरंच ऐकलं का, हेच मला कळेना. डेरेकबरोबर मी कितीतरी वर्षं काम केलंय. माझ्या ग्रीन कार्डच्या वेळी कंपनीचं पत्र त्याने रजेवर असताना सही करून पाठवलं होतं. माझे वडील गेले तेव्हा 'लॅपटॉप नेऊ नकोस' म्हणणारा हाच माणूस. आणि आता तो मला खोटी मावशी उभी करायला सांगत होता. अगदी मीटिंगची वेळ बदलायला सांगावं तसं.

"डेरेक, तू काय बोलतोयस?"

"मी फक्त ऑप्शन मांडतोय."

"हा ऑप्शन नाही. हा फ्रॉड आहे."

"आवाज चढवू नकोस. हे रेग्युलेटरकडे गेलं तर आधी ऑपरेशन्सवाल्या मुलांच्या नोकऱ्या जातील. मग तुझ्या टीमच्या. ते हवंय तुला?"

गाडीचं मागचं दार उघडलं. मुलगी शाळा सुटून आली होती. माझा चेहरा बघून ती जागीच थांबली. "आई, डिड समबडी डाय?"

"नाही. बस आत. बोलू नकोस."

नवव्या इनिंगमधला शेवटचा बॅटर उभा होता. म्हणजे मॅच आता संपणार. डेरेकला समजावत बसले असते तर बक्षीस वाटलं गेलं असतं. मी म्हटलं, "मी पॉलीनला कॉलवर घेतेय," आणि त्याने काही म्हणायच्या आत तिचा नंबर जोडला.

पॉलीनने फोन उचलला. ती नर्सरीत रोपं घेत होती. मागून कोणीतरी खताच्या पिशव्यांचे भाव सांगत होतं. मी एका दमात सांगितलं: टेस्ट अकाउंटं लाइव्हवर गेलीत, त्यातलं एक पहिलं आहे, वाटप थांबवा.

"डेरेक, होल्ड टाकलास?" तिने विचारलं.

"टाकतच होतो," डेरेक म्हणाला.



पॉलीनने तिथूनच, फोनवरून, होल्ड टाकला. मॅच संपली. कमलमावशी पहिली आली. सगळ्यांच्या स्क्रीनवर 'रिझल्टची पडताळणी चालू आहे' अशी पट्टी आली. कॉल संपल्यावर मी पॉलीनला पुन्हा एकटीला फोन केला आणि डेरेक काय म्हणाला ते शब्दाला शब्द सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे आणखी कोणी ऐकलं का?"

"नाही."

"ठीक आहे. आजच लिहून पाठव."

सोमवारी सगळी टेस्ट अकाउंटं काढली आणि बाकीचे लोक वर सरकले. काय झालं ते कंपनीने साइटवर जाहीर केलं. पॉलीनने राज्यांनाही कळवलं. सुहासकाकांना त्याआधीच फोन करायची परवानगी मी मागून घेतली. त्यांना नुसती ईमेल जावी असं मला वाटत नव्हतं.

मी सगळं सांगितलं.

"म्हणजे मावशी नाहीतच?"

"आहेत, काका. माझीच मावशी. नागपूरला असतात. पण त्या खेळल्या नाहीत. ते सॉफ्टवेअर होतं."

"आणि ती लाइनअप?"

"वाईट म्हणूनच बनवली होती."

"वाईट?" ते जवळजवळ ओरडले. "अगं, मी काल संध्याकाळभर तिचा अभ्यास करत होतो! मित्रांना दाखवली. सगळ्यांना सांगितलं, या बाईंकडून शिका."

"सॉरी काका. पण आता पहिला नंबर तुमचा आहे."

"हो, ते ठीक आहे," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "पण हिला काय सांगू? ती मावशींना गणपतीत जेवायला बोलवायचं म्हणत होती."



डेरेकची चौकशी झाली. आपण गंमत करत होतो, असं त्याने लिहून दिलं. तणावाच्या क्षणी केलेला विनोद, मंजिरीने गंभीरपणे घेतला. माझा शब्द आणि त्याचा शब्द, मध्ये तिसरं कोणी नाही. त्याला दुसऱ्या प्रॉडक्टवर हलवलं, पगार तोच. कॉरिडॉरमध्ये भेटला की तो अजूनही मुलीची चौकशी करतो, आणि तीही मनापासून. ते बघून मला दर वेळी नव्याने धक्का बसतो.

ऑपरेशन्सच्या कोणाचीही नोकरी गेली नाही. भिंत पुन्हा उभी झाली, आणि आता सर्व्हर हलवले की ती जागेवर आहे ना हे आम्ही आधी तपासतो. सॉफ्टवेअरची चूक दुरुस्त करणं सोपं असतं. नोंदींचा लॉग निघतो, त्यात सगळं दिसतं. माणूस फोनवर काय म्हणाला याचा लॉग निघत नाही. म्हणून आता रविवारी साहेबाचा फोन आला, की बोलायच्या आधी तिसरं कोणीतरी लाइनवर घ्यायचं.