नऊ जणींचा हादगा

२००२ च्या जुलैत मिरजेला आमच्या दारात मुंबईला जाणारी जीप उभी होती आणि तिच्याभोवती गल्लीतल्या तुम्ही सगळ्या. मी आत बसले तरी हात खिडकीबाहेरच होते, कारण तुम्ही ते सोडत नव्हतात. बाबा एवढंच म्हणाले, "तिथं एकटी राहू नकोस. माणसं जोड." टेक्सासात शुगर लँडला धाकटे काका आणि काकू होते, मग मी एकटी कशी राहीन, हे मला कळलं नाही.

ते कळलं दुसऱ्या महिन्यात. कॉलेज काकांच्या घरापासून दोन तासांच्या ड्राइव्हवर. डॉर्ममधली रूममेट चांगली होती, पण तिच्या सगळ्या संध्याकाळी सोरॉरिटीत जायच्या. सोरॉरिटी म्हणजे कॉलेजातल्या मुलींचा बहिणीबहिणींचा संघ. खांबांचं मोठं घर, भिंतीवर जुन्या संस्थापिकांचे फोटो, मेणबत्त्या लावून घ्यायची शपथ, आणि नव्या मुलीला सांभाळायला एक 'बिग सिस्टर'. मला हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू.

पुढच्या वर्षी रीना नावाच्या, टेक्सासातच जन्मलेल्या मुलीनं आपल्याकडच्या मुलींची सोरॉरिटी काढायचं ठरवलं. पहिल्याच मीटिंगला मी धावत गेले. नऊ जणी जमलो. गुजराती, तमिळ, शबनम तर कराचीची. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे महिला मंडळच की." काकूला मात्र ते मुळीच पटलं नाही. पार्ट्या, दारू, अभ्यासाचं वाटोळं, असंच तिनं ऐकलेलं. दर वीकेंडला ती मला नाव काढून घ्यायला सांगायची.

मान्यता देणार होती कॅम्पसवरच्या सगळ्या सोरॉरिट्यांची कौन्सिल. ती मिळाली नाही तर नव्या मुली घेता येणार नव्हत्या, म्हणजे आम्ही नऊ जणी पास झालो की सगळं संपलं. अर्जात एक अख्खं पान होतं 'इतिहास आणि परंपरा' यासाठी. आमचा इतिहास तीन आठवड्यांचा. शिवाय ऑक्टोबरात एक परंपरा कौन्सिलसमोर करून दाखवायची. रीना मेंदी म्हणाली, कुणी बॉलिवूड डान्स सुचवला. शबनमनं विचारलं, हे तर आपण लग्नातही करतो, फक्त मुलींचं असं काही नाही का?

इंग्रजीत बोलायला मी बिचकायचे, पण त्या दिवशी तोंडातून अख्खा हादगा बाहेर पडला. पाटावरचा हत्ती, त्याच्याभोवती फेर, सासूच्या तक्रारींची गाणी, आणि शेवटी डबा वाजवून ओळखायला लावायची खिरापत. ही परंपरा आहे, असं तोवर माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. रीना माझ्याकडे बघतच राहिली. "म्हणजे तुमच्या गल्लीत सोरॉरिटी होती?"

पंचाईत ही, की गाणी मला अर्धीच येत होती. भीत भीत काकूला फोन केला. ती पुण्याची, त्यामुळे तिचा तो भोंडला. ती म्हणाली, "पंधरा वर्षांत इथं फेर धरायला कुणी भेटलं नाही गं. खिरापत कोण करतंय?"

कौन्सिलपुढे हादगा होता त्या दिवशी हायवेला घाबरणारी काकू एकटी गाडी चालवत आली. साडी, पायात स्नीकर्स, शेजारच्या सीटवरून उतरवलेला स्टीलचा डबा. पाट नव्हता म्हणून शबनमनं पिझ्झाच्या खोक्यावर हत्ती काढला होता. कौन्सिलच्या सहा मुली आणि त्यांच्या वयस्क सल्लागार बाई कागद घेऊन बसल्या होत्या. हे कोणी स्थापन केलं, असं बाईंनी विचारलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"माहीत नाही," मी म्हणाले. "मला मोठ्या मुलींनी शिकवलं. त्यांना त्यांच्याहून मोठ्या मुलींनी."

बाईंनी पेन खाली ठेवलं. काकूनं त्यांचा हात धरला आणि न विचारताच त्यांना फेरात ओढलं. मग कौन्सिलच्या मुलीही उठल्या. मी जिथं अडकले तिथं काकूचा आवाज पुढे गेला, खणखणीत, जणू मधली वर्षं नव्हतीच. खिरापतीला ब्राउनी, कॉर्नब्रेड, काय काय नावं आली. कुणालाच ओळखता आली नाही. डब्यात टिनमधल्या भोपळ्याचे घारगे होते. काकूचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

आठवड्यानं रीनाचा फोन आला तेव्हा मी लाँड्रीत होते. मान्यता मिळाली होती. मी ओले कपडे हातात घेऊनच नाचले, आणि तिथल्या दोन अनोळखी मुलीही काही न विचारता माझ्याबरोबर नाचल्या.

आता मी मिनेसोटात, ईडन प्रेरीला नोकरी करते. परवा आईला फोनवर सहज सांगितलं की ऑक्टोबरात चार दिवस घरी जातेय. तिनं लगेच विचारलं, मुंबईला कितीला उतरणार, बाबांना रजा टाकायला सांगू का. तेव्हा लक्षात आलं, मी टेक्सासबद्दल, तिथल्या हादग्याबद्दल बोलत होते. इतकं ओशाळल्यासारखं झालं. पण तिला खरं ते सांगितलं.

आई म्हणाली, "काकू आहे ना तिथं? मग जा त्याही घरी. दिवाळीला मात्र इकडे ये." आणि आमच्या त्या मंडळात आता मुली किती झाल्या, ते विचारलं.

"अडतीस," मी म्हणाले.

"अगं बाई, एवढ्यांचा फेर हॉलमध्ये मावतो?"

"नाही मावत. एकात एक असे दोन धरतो."