पुस्तिकेवरचा फोटो

पुरस्कार मिळाला तेव्हा बाईंना वाटलं होतं, चार दिवस कौतुक होईल आणि मग आपण आपल्या तिसरीच्या वर्गात परत. पण शिक्षण खात्याने त्यांना वर्षभरासाठी शाळेकडून मागून घेतलं. सोमवार ते शुक्रवार शाळा बघायच्या, बैठकांना बसायचं आणि 'मिनिटवाचन' नावाच्या योजनेबद्दल चांगलं बोलायचं. योजनेची पुस्तिका प्रत्येक शाळेत गेली होती. मुखपृष्ठावर बाईंचा हसरा फोटो होता. आत बाईंनी लिहिलेली एक ओळही नव्हती, पण हे कोण कुणाला पटवत बसणार? शिक्षकांनी त्यांचं नाव पाडलं, पदकबाई.

योजना साधी होती. मुलाने एक मिनिट मोठ्याने वाचायचं, शिक्षकाने शब्द मोजायचे. चाळीसच्या आत राहिलेली मुलं वेगळ्या खोलीत बसवायची. ज्या वर्गात अशी मुलं जास्त, त्या शिक्षकाला मेमो.

ज्या आठवड्याबद्दल सांगतोय, त्या आठवड्यातली सोमवारची शाळा तीन मजली होती. मधल्या सुट्टीत बाई शिक्षकखोलीच्या दारात उभ्या राहिल्या. लांब टेबलाभोवती नऊ जण डबे उघडून बसले होते. कुणी मान वर केली नाही. एका खुर्चीवर वह्यांचा गठ्ठा होता. बाईंनी तो उचलायला हात पुढे केला तशी कुणीतरी म्हणालं, "राहू द्या. तपासलेल्या न तपासलेल्या एकत्र होतील."

बाई उभ्याच राहिल्या.

गणिताच्या सरांची निवृत्ती दोन वर्षांवर आली होती, त्यामुळे त्यांना कुणाची भीडभाड नव्हती. "काय हो पदकबाई," ते तोंडावर म्हणाले, "शेवटचा वर्ग कधी घेतलात?"

"मागच्या मार्चमध्ये."

"हां. म्हणजे तुम्हाला मुलं अजून आवडत असणार."

सगळे हसले. बाईही हसायला गेल्या, पण त्यांचं हसू कुणालाच नको होतं.

नंतर दुसरीच्या वर्गात एका मुलीने त्यांना वाचून दाखवलं. मास्तरांनी मोबाईलवर वेळ लावली आणि पोरगी सुटलीच. पूर्णविराम नाही, श्वास नाही. ब्याण्णव शब्द. बाईंनी विचारलं, "मग त्या म्हातारीची गाय सापडली का गं शेवटी?"

मुलगी गोंधळली. "ते विचारत नाहीत," ती म्हणाली. "विचारतात का?"

"पाहिलंत?" मास्तर म्हणाले. "पुस्तिकेत सांगितलंय तस्संच शिकवलंय मी. फोटोसकट पाठ आहे मला ती."

मंगळवारी खात्यात बैठक होती. संचालकांनी सगळ्यांना चहा सांगितला आणि घाईघाईने आकडे वाचून दाखवले. बाई म्हणाल्या, "साहेब, मुलं धावतायत नुसती. वाचत नाहीयेत." संचालकांनी चष्मा काढून पुसला. "बाई, तुम्ही या योजनेचा चेहरा आहात," ते म्हणाले. "बोलायला आमच्याकडे माणसं आहेत." कुणीतरी फिसकन हसलं. विषय क्रमांक चार सुरू झाला.

बुधवारच्या दोन शाळांपैकी एकीत मुख्याध्यापिका भेटल्याच नाहीत आणि दुसरीत शिपायाने हजेरीपत्रकावर सही घेऊन वाटेला लावलं.

गुरुवारची शाळा यादीत पाहिल्यापासून बाईंच्या जिवावर आलं होतं. तिथे त्यांची धाकटी बहीण दुसरीला शिकवायची. दोघी आठ महिने धड बोलल्या नव्हत्या. धाकटीच्या वर्गातली अकरा मुलं चाळीसच्या आत राहिली होती आणि पंधरा दिवसांपूर्वी तिला मेमो मिळाला होता.

"या मॅडम," धाकटी सगळ्यांदेखत म्हणाली. "कुठे बसणार? पुढे की मागे?"

बाई मागे बसल्या. वर्ग अर्धा रिकामा होता. तास संपल्यावर धाकटीने त्यांना जिन्याखालची खोली दाखवली. पूर्वी तिथे खेळाचं सामान असायचं, अजून भिंतीला जाळी टांगलेली होती. अकरा मुलांपैकी काही दोन बाकांवर आणि उरलेली सतरंजीवर बसली होती. त्यांना शिकवायला कुणीच नेमलेलं नव्हतं. खोलीबाहेर पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, 'चाळीसच्या आत'.

"मुलं यांना 'आतले' म्हणतात," धाकटी म्हणाली. "आतल्यांशी बाहेरचे खेळत नाहीत. पुस्तिकेत लिहायचं राहिलं वाटतं."

"मी नाही लिहिली गं ती पुस्तिका."

"माहितेय मला. कार्डं तरी तू कुठे लिहिली होतीस?"

ते खरं होतं. सहा वर्षांपूर्वी धाकटीने आपल्या वर्गातल्या प्रत्येक मुलाचं एक कार्ड केलं होतं. मूल वाचताना ज्या शब्दाशी अडलं तो शब्द त्यावर लिहायचा, दुसऱ्या दिवशी तो शब्द घेऊन त्याच्याशी बोलायचं, बस. बाईंनी ती पद्धत उचलली, आपल्या वर्गात चालवली आणि पुरस्कार घेताना मंचावरून म्हणाल्या, 'मी माझ्या वर्गात कार्डं सुरू केली.' धाकटी तिसऱ्या रांगेत बसलेली होती. पुढे खात्याने त्या कार्डांतला शब्द काढून टाकला आणि तिथे आकडा बसवला.

"तेव्हा मी काही बोलले नाही," धाकटी म्हणाली. आवाज चढला नव्हता, त्याचंच बाईंना जास्त लागलं. "म्हटलं, घे बाई, मिरव. पण माझीच कार्डं माझ्याच पोरांच्या डोक्यात घातलीत तुम्ही. आता निरीक्षणवहीत सही कर आणि जा. मला तास आहे."

बाईंनी सही केली नाही. तशाच निघून गेल्या.

शुक्रवारी धोरण समितीची मोठी बैठक होती. बावीस माणसं, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली. योजना पहिलीपासून लागू करायची असं ठरतच आलं होतं. संचालक म्हणाले, "आपल्या पुरस्कारप्राप्त बाईंचा तर पाठिंबा आहेच."

"नाही," बाई म्हणाल्या.

त्या उभ्या राहिल्या. "ही पद्धत माझी नाही. ज्या कार्डांसाठी मला पुरस्कार मिळाला ती माझ्या बहिणीची. मी तिचं नाव घेतलं नाही, ती माझी चूक. आणि तिच्या कार्डांवर आकडा नव्हता. तिला तुम्ही मेमो दिलाय. पुस्तिकेवरचा माझा फोटो काढा."

एक सदस्य शेजारच्याला म्हणाला, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "घरची भांडणं इथे कशाला?" संचालकांचा चेहरा लालबुंद झाला. "चोरलेला पुरस्कार मिरवत इतके महिने आमच्या गाडीतून फिरलात," ते म्हणाले, "आणि आता आम्हाला शिकवता?"

इतिवृत्तात 'सर्वानुमते मंजूर' असं लिहून आलं, तेव्हा बाईंनी सही करायला नकार दिला. लिपिकाने तीनदा कागद पुढे सरकवला, त्यांनी तीनदा मागे सारला.

सोमवारी त्यांची नेमणूक रद्द झाल्याचं पत्र आलं. पुरस्कार परत करायचं पत्र त्यांनी स्वतः पाठवलं. पुस्तिकेची नवी आवृत्ती निघाली, तिच्यावर बाईंच्या जागी एक घड्याळ होतं. शाळेत त्यांची तिसरी दुसऱ्या कुणाला दिली गेली होती. त्यांना पाचवी मिळाली. सहकारी मधल्या सुट्टीत त्या आल्या की आवाज खाली करायचे. खात्याविरुद्ध बोलल्या म्हणून काही जण खूश झाले असतील, पण बहिणीचं श्रेय लाटलं हेही सगळ्यांना कळलं होतं.

धाकटीला त्यांनी फोन केला होता. "आता सांगितलंस?" ती म्हणाली. "मेमो गेला का माझा? नाही ना?" आणि फोन ठेवला. मेमो खरंच गेला नाही. जिन्याखालच्या खोल्या मात्र वर्ष संपता संपता बंद झाल्या, योजना चुकली म्हणून नव्हे, तिथे शिकवायला माणसं मिळेनात म्हणून.

त्यानंतर दोघींची भेट झाली ती आई आजारी पडली तेव्हा. धाकटी आली, बाईंकडे न बघता आईच्या उशाशी बसली, चादरी बदलल्या, औषधाच्या गोळ्या वेगळ्या केल्या. मग ती मान न वळवता म्हणाली, "खिडकी लाव. आईला वारं लागतंय."

बाईंनी उठून खिडकी लावली.